जयंतीचा बॅनर आणि महारकीचे रान

पावसाळा लागला की आमच्या ओळखीतली शहरी मंडळी आंदर मावळात येतात. कान्हे फाट्यावरून आत वळायचे, टाकव्याला चहा प्यायचा आणि पुढे ठोकरवाडी धरणाच्या बाजूला जाऊन फोटो काढायचे. संध्याकाळी आम्हाला फोन येतो, "तुम्ही किती नशीबवान, अशा गावात वाढलात!"

गावाचे सौंदर्य आम्हाला दिसत नाही असे नाही. पण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाविषयी जे कठोर मत मांडले, ते आम्ही एम.ए.ला समाजशास्त्राच्या वर्गात वाचले तेव्हा आम्हाला त्यात नवीन काही वाटले नाही. वर्गातली काही मुले अस्वस्थ झाली. त्यांच्यासाठी गाव म्हणजे सुट्टी होती. आमच्यासाठी गाव म्हणजे ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेली अठरा घरांची बौद्धवाडी, वरून वाहत येणारे सांडपाणी आणि आषाढात दुसऱ्याच्या खाचरात लावणीला वाकलेली आमची आजी.

आमचे आजोबा येसकर होते. गावात सरकारी माणूस आला की त्याचे सामान वाहायचे, सांगावा पोचवायचा, मेलेले जनावर ओढायचे आणि यात्रेत वाजवायचे. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली, तेव्हा आजोबा गर्दीत उभे होते, असे घरात सांगतात. दोन वर्षांनी त्यांनी धम्म स्वीकारला आणि वाजवणे, ओढणे दोन्ही सोडले. गावाने बलुते बंद केले. त्या वर्षी घरात भात नव्हता, नाचणीवर दिवस काढले, हे आजी सांगायची. तक्रार म्हणून नव्हे, हिशेब म्हणून सांगायची.

बलुते गेले, पण रान राहिले. त्या रानाला गाव आजही 'महारकी' म्हणते. आज लिहायचे आहे ते याच रानाबद्दल.

नव्या पिढीला वतनाचा इतिहास माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. महारांना गावकामाच्या बदल्यात वतनाची जमीन असे. जमीन तुटपुंजी आणि काम चोवीस तासांचे. घरातला एक माणूस आजारी असेल तर दुसऱ्याने जायचे. या तुकड्यामुळेच आपला माणूस गावाला बांधला गेला आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. ज्याला हवे त्याने पूर्ण सारा भरावा, जमीन आपल्याकडे ठेवावी आणि गावकीच्या कामातून मोकळे व्हावे, हा त्यातला महत्त्वाचा विचार होता. म्हणजे बाबासाहेबांना जमीन सोडायची नव्हती, गुलामी सोडायची होती. हा फरक आपल्यातले अनेक जण विसरले आहेत.

पुढे १९५८ चा वतन निर्मूलन कायदा आला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून महारवतन संपले. साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरली की जमीन वतनदाराला परत मिळणार होती. आमच्या आजोबांनी ती भरली. पावती पत्र्याच्या पेटीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलेली आम्ही लहानपणापासून पाहिली आहे. अशी जमीन नवीन शर्तीची असते. सात-बारावर 'भोगवटादार वर्ग २' लागतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय ती विकता येत नाही. विकली तर शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. जमीन विकायला परवानगी लागते म्हणून आपण चिडतो. पण ही अट नसती तर आंदर मावळात महारकीचे एक खाचर तरी आपल्या नावावर उरले असते का, हेही स्वतःला विचारावे.

आता मुद्द्यावर येतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीत १४ एप्रिलला प्रवेशद्वारावर मोठा बॅनर लागला. बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याच्या निम्म्या आकाराचा जमिनीच्या एका एजंटाचा. साउंड त्याचा, जेवण त्याचे. माणूस आमच्याच तालुक्यातला, बोलायला गोड, गाडीवर निळा झेंडा. महिनाभराने तोच माणूस विसारपावती आणि कुलमुखत्यारपत्राचे कागद घेऊन वाडीत बसला. "परवानगीचं मी बघतो, तुम्ही फक्त सह्या करा." जयंतीला आमच्या पोरांनी त्याच्या गळ्यात हार घातला होता. आता नाही कसे म्हणायचे?

आम्ही समाजमंदिरात बैठक बोलावली. आमचा चुलतभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, तू एम.ए. झालीस, तुला पगार आहे. आमच्या पोरांनी किती दिवस चिखल तुडवायचा? पाच वर्षं झाली, निम्मं रान पड आहे. कुणी पिकवलं?"

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. आम्ही पुण्यात भाड्याच्या खोलीत राहून जमिनीच्या प्रश्नावर भाषणे देत होतो आणि आमच्याच बांधावर गवत वाढले होते. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहावर आम्ही निबंध लिहिला होता. ज्यांनी जमिनीसाठी तुरुंग भरले त्यांचे नाव घेताना आपली जमीन आपण पड ठेवली, हा दोष आमचाच.

पण चुलतभावाचे उत्तर विक्री हे नव्हते. एजंट जो भाव देत होता तो परवानगी नसलेल्या जमिनीचा भाव होता. उद्या परवानगी त्याने मिळवली की फरक त्याच्या खिशात. नाही मिळाली तर शर्तभंग आमच्या नावावर. धोका आमचा आणि नफा त्याचा, असा हा व्यवहार होता.

सह्यांची यादी निघाली. सात-बारावर बावीस नावे. त्यातली सात नावे आत्यांची आणि मयत आत्यांच्या मुलींची. "बहिणींचं हक्कसोडपत्र करून घेऊ, साडीचोळी देऊ," असे एक जण सहज म्हणाला. कामशेतला दिलेली आमची थोरली आत्या कोपऱ्यात बसली होती. ती उठली आणि म्हणाली, "साडी माझ्याकडं हाय. माझ्या बापानं बलुतं सोडलं, रान सोडलं नाही. माझा अंगठा मिळायचा नाही."

बैठक तिथेच संपली.

आत्या शाळेत गेलेली नाही. पण मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा मिळावा यासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले, ते रखडवले गेले आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. पुढे १९५६ चा वारसा कायदा झाला. तो बौद्धांनाही लागू आहे. त्या कायद्याने आत्याचे नाव सात-बारावर आले आणि त्या नावामुळे त्या दिवशी रान वाचले. आम्ही जयंतीला बाबासाहेबांच्या उपकारांची यादी म्हणतो, त्यात हे का नसते? कारण त्यासाठी आपल्याच बहिणींचा वाटा मान्य करावा लागतो.

राजकारणाबद्दलही एक सांगणे आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याविरुद्ध मावळ रस्त्यावर उतरला. बऊरजवळ द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे आणि श्यामराव तुपे हे तिघे मारले गेले. तो अन्याय होता आणि तो लढा आमचाही होता. मावळच्या पाण्याची ही गोष्ट जुनी आहे. आंध्रा नदीचे पाणी ठोकरवाडीला अडवून १९२२ पासून घाटाखाली भिवपुरीला वीज होते आणि ती वीज मुंबईला जाते. डोंगर आपला, पाणी आपले आणि उजेड दुसरीकडे, हे आंदर मावळच्या प्रत्येक जातीने सोसले आहे. पण सभेत 'मावळचा शेतकरी', 'भूमिपुत्र' असे शब्द येतात तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बौद्धवाडीतली आत्या येत नाही. एम. एन. श्रीनिवासांनी प्रभुत्वशाली जातीची कल्पना मांडली. जमीन आणि संख्या ज्याच्याकडे त्याचा शब्द चालतो. संख्या आमच्याकडे नाही. उरते ती जमीन. ती गेली की आम्ही मतदार यादीतली अठरा घरे, एवढेच.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. आमच्या एका चुलत्याने मुलाच्या दवाखान्यासाठी पैसे घेऊन आपल्या हिश्शाचे साठेखत गुपचूप करून दिले. तो वाद अजून चालू आहे. आम्ही त्यांना दोष देत नाही. त्या वेळी त्यांच्या मदतीला एजंट धावला, वाडी धावली नाही. हे आम्ही लिहून ठेवतो, कारण पुढच्या वेळी वाडीने धावायला हवे.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. जयंतीला जमीन घेणाऱ्याचा पैसा नको. घरटी ३०० रुपये काढले. बॅनर लहान झाला, पण त्यावर फक्त बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. दुसरे, दर वर्षी ६ डिसेंबरला अभिवादन झाले की समाजमंदिरात सात-बारा आणि फेरफार मोठ्याने वाचायचे, बायकांच्या नावांसकट. तिसरे, रान पड ठेवायचे नाही. मागच्या आषाढात पड खाचरांपैकी चार आम्ही मिळून लावली. इंद्रायणी भात लावला. चिखलणीला चुलतभाऊच ट्रॅक्टर घेऊन आला. "ताई, भाषणापेक्षा हे अवघड हाय ना?" असे त्याने विचारले. आम्ही हो म्हणालो.

आपल्या वाडीत, आपल्या तालुक्यात महारकीचे रान असेल तर वाचकांनी येत्या जयंतीआधी एवढे करावे: सात-बारा काढावा, नावे मोजावीत आणि बॅनर कोण लावतो आहे ते पाहावे.

जय भीम.