तानेच्या मुखाशीं

मोंबासा येथें पुतण्याकडे मुक्काम असतां, जानेवारींत ताना नदीचें मुख पाहण्याचा योग आला. केनियांतील ही सर्वांत लांब नदी. मलिंदीहून उत्तरेस गार्सेनपर्यंत मोटारीनें गेलों. वाटेंत सारें खुरट्या झुडपांचें रखरखीत रान; आणि गार्सेनजवळ येतांच समोर हिरवें गवत, पाण्याचीं तळीं व बगळ्यांचे थवे!

माझा जन्म कृष्णाकांठीं, उंसाच्या मुलखांत झालेला. खोटें कां सांगूं? पहिला विचार मनांत आला तो हाच कीं, केवढी ही जमीन वायां चालली आहे! हाच विचार इतरांनींही केला होता. २००८ सालीं येथील सुमारें २०,००० हेक्टरांवर ऊंस लावून साखर व इंधनाचा मद्यार्क काढण्याची योजना निघाली. पुढें मोगली एरंडाच्या तेलासाठींही जमीन मागण्यांत आली.

नदीकांठीं एक वृद्ध ओर्मा गुराखी भेटला. पुतण्या स्वाहिली जाणतो. त्याच्या मध्यस्थीनें बोलणें झालें, आणि उलगडा झाला. नदीला वर्षांतून दोनदां पूर येतो. त्या पाण्यावर व गाळावर पोकोमो शेतकरी भात पिकवितात, कोळी तळ्यांत मासे धरतात, आणि भोंवतालचें रान वाळलें म्हणजे ओर्मांचीं गुरें दुरून येथें उतरतात. "अवर्षणांत हेंच आमचें कोठार," म्हातारा म्हणाला.

म्हणजे ही जमीन रिकामी नव्हतीच. ती पाळीपाळीनें सर्वांची होती. ऊंस एकदां ठाण मांडून बसला कीं दुसऱ्या कोणाची पाळी येतच नाहीं. आधींच येथें ओढाताण फार. २०१२ सालीं चराई व पाणी यांवरून शेतकरी व गुराखी यांच्यांत रक्तपात होऊन शंभरावर माणसें प्राणांस मुकलीं.

उंसाच्या योजनेविरुद्ध रहिवासी न्यायालयांत गेले. २०१२ मध्यें हा प्रदेश रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ भूमींत गणला गेला. २०१३ मध्यें उच्च न्यायालयानें रहिवाशांस सामील करूनच भूमीच्या वापराचा आराखडा करावा, असा निकाल दिला. उंसाची ती योजना पुरी झाली नाहीं.

आतां आपल्याकडेही इंधनासाठीं उंसाचा मद्यार्क होतो, व त्याचें मला कौतुकच आहे. परंतु लागवडीसाठीं जमीन निवडण्यापूर्वीं तेथें कोणाची पाळी आहे, हें विचारलें पाहिजे. 'अनूप' म्हणजे पाणथळ देश, एवढा अर्थ सांगून मी वर्गांत पुढच्या शब्दाकडे वळत असें. त्या एका शब्दांत किती जणांचा संसार चालतो, हें मला तानेकांठीं कळलें.