पर्वतीच्या पायऱ्या आणि पन्नाशी

पहाटे साडेपाचपासून पर्वती पायथ्याशी दुचाक्या उभ्या राहू लागतात. रस्त्यावरचे दिवे अजून मालवलेले नसतात. गुलटेकडी, मुकुंदनगर, महर्षीनगर, बिबवेवाडी अशा भागांतून आलेली माणसे गाडीला कुलूप लावतात, मफलर कानांवरून घट्ट करतात आणि पहिल्या पायरीशी क्षणभर थांबतात. कोणी हात जोडतो, कोणी घड्याळ पाहतो. त्यांत भुसार बाजारातले आडते असतात, कापडवाले असतात, भांड्यांचे, औषधांचे, सोन्याचांदीचे व्यापारी असतात. ‘जय जिनेंद्र’ आणि ‘राम राम’ यांची देवाणघेवाण होते आणि विसाव्या पायरीपर्यंत तूरडाळीचा कालचा भाव निघालेला असतो.

टेकडी फार उंच नाही. पायऱ्या मोजून १०३. परंतु त्या घरातल्या जिन्यासारख्या नव्हेत. एकेक पायरी ऐसपैस, किंचित उतरती. एका पावलात ओलांडू म्हटले तर ढांग टाकावी लागते आणि दोन पावले टाकली तर लय बिघडते. हत्तींना आणि पालख्यांना वर जाता यावे म्हणून त्या तशा बांधल्या, असे पुणेकर सांगतात. वरचे देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये उभारले. त्यामागची आख्यायिका अशी, की त्यांच्या मातोश्री काशीबाई यांच्या पायाला व्याधी होती; टेकडीवरच्या देवीला नवस बोलला गेला, पायाला उतार पडला आणि त्यातून मंदिर उभे राहिले. आख्यायिकेत इतिहास किती, हे जाणकारांनी ठरवावे. मात्र जिथे रोज शेकडो माणसे गुडघे वाचवण्यासाठी येतात, त्या देवस्थानाची कथा एका दुखऱ्या पायापासून सुरू व्हावी, ही मौजच आहे.

याच टेकडीवर, पानिपतच्या आघातानंतर, २३ जून १७६१ रोजी नानासाहेबांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आसपास होते. आज व्यापारी घरात चाळिशी-पन्नाशी म्हणजे ऐन भरभराटीचा काळ. मुले शिकून हाताशी येत असतात, पेढीचे नाव झालेले असते, बँकेत पत असते. नेमक्या त्याच वर्षांत दिवसाचे साडेदहा तास गादीवर जातात. सकाळी दहाला बैठक घेतलेला माणूस रात्री साडेआठला शटर ओढण्यासाठीच उठतो. मधल्या काळात चहा येतो, फरसाण येते, माणसे येतात, फोन येतात. तो स्वतः मात्र कोठे जात नाही.

पहाटेच्या मंडळींत धान्याचे एक आडते आहेत. वय त्रेपन्न. तीन वर्षांपूर्वी ते पर्वतीला येत नसत. पेढी दोघा भावांची. थोरले भाऊ उधारी-वसुली पाहत, धाकटे मालाची आवक-जावक. एका दुपारी जेवण करून थोरले गादीवर लवंडले आणि पाणी मागताना त्यांचे शब्द अडखळले. डावा हात उचलेना. रुग्णालयात रक्तदाब मोजला तेव्हा तो भयंकर चढलेला होता. केव्हापासून वाढलेला असावा, हे घरात कोणालाच सांगता येईना, कारण तो कधी मोजलाच नव्हता. ज्या पेढीवर रोजचा रोजमेळ जुळल्याशिवाय दिवा मालवला जात नसे, तिथली ही गोष्ट. रक्तदाब वाढला म्हणून काही दुखत नाही, चक्कर येतेच असे नाही. माणूस धडधाकट दिसत राहतो. चाळिशीनंतर तो वेळोवेळी मोजणे हाच त्याला ओळखण्याचा मार्ग आहे.

धाकट्या भावाने धसका घेतला आणि दुसऱ्याच आठवड्यात नवे बूट घेऊन पर्वती गाठली. पहिल्या दिवशी चार वेळा चढउतार केली. दुसऱ्या दिवशी तीन वेळा. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला, पलंगावरून उठताना कळ येऊ लागली आणि बूट कपाटात गेले. असे बूट पुण्याच्या अनेक कपाटांत आहेत. एक जानेवारीला आणि दिवाळीच्या पाडव्याला पर्वतीवर दिसणारे कितीतरी चेहरे पंधरा दिवसांत दिसेनासे होतात. व्यापाऱ्याला मोठ्या सौद्याची सवय असते. प्रकृतीचाही सौदा एका बैठकीत पुरा करावा असे त्याला वाटते.

चार महिन्यांनी ते पुन्हा आले, तेव्हा पायऱ्यांच्या कडेच्या कठड्यावर टेकलेल्या एका वयस्क गृहस्थांनी त्यांना हटकले. हे निवृत्त शिक्षक. अठ्ठ्याहत्तरी गाठलेले, आणि पावसाची झड नसेल तर रोज हजर. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात.

“शेठ, मागच्या खेपेला एकाच दिवशी सगळे गोदाम रिकामे करायला निघाला होता. आज वीस पायऱ्या चढा, थोडे टेका आणि उतरा.”

“गुरुजी, वीस पायऱ्यांनी काय होणार?”

“रोज वीस पोती खपली तर वर्षाला किती होतात, ते तुम्हीच सांगा.”

हिशेब शेठना तोंडपाठ होता. वीसाच्या तीस व्हायला दोन आठवडे लागले. एकशे तीन व्हायला अडीच महिने.

पायऱ्यांची ही किमया पुण्यापुरती नाही. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक आणि वाहक एकाच सेवेतले, साधारण सारख्याच परिस्थितीतले. फरक एवढाच, की चालक दिवसभर आसनावर बसे आणि वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढउतार करी. हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा वाहकांत बरेच कमी आढळले. गादीवरचा व्यापारी या दोघांपैकी कोणाच्या जागी बसतो, ते सांगायला नको. त्याच पेढीवरचा हमाल दिवसभर चालतो, हे खरे. पण ते श्रम व्यायामाच्या खात्यात मांडू नयेत. पाठीवर पोते घेऊन कणा झिजवणे निराळे आणि मोकळ्या हातांनी टेकडी चढणे निराळे. पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत आहे. तिथल्या माणसांना चढ चुकत नाही, आणि हौसेने पायऱ्या मोजायला त्यांना सवडही नसते.

चढावे कोणत्या वेगाने, याचे एक सोपे माप आहे. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. भुसार बाजारातली मंडळी हे माप नकळत पाळतात. साठाव्या पायरीवर भाव सांगणारा माणूस श्वासासाठी थांबला, की बाकीचेही थांबतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे अशा मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. रोजची अर्धी घटका नव्हे, पुरा अर्धा तास दिला तर पाच दिवसांत त्यातला पहिला आकडा भरतो. छातीवर दडपण आले, जबड्याकडे किंवा हाताकडे कळ गेली, नेहमीच्या चढालाच अनपेक्षित धाप लागली, तर मात्र तिथेच बसावे आणि डॉक्टरांकडे जावे. सोबत्यांपुढे लाज वाटते म्हणून वर पोहोचण्याचा हट्ट धरू नये.

वर पोहोचले की वारा लागतो. उत्तरेला सारसबागेची झाडी आणि पेठांची दाटी, नैर्ऋत्येला सिंहगडाची रेघ, दक्षिणेकडे तळजाईचे रान. पायथ्याजवळून मुठा कालवा जातो. याच परिसरातल्या जलशुद्धीकरण केंद्रातून शहराच्या मोठ्या भागाला पाणी पुरवले जाते. पेशवाईत पायथ्याच्या रमण्यात श्रावणातली दक्षिणा वाटली जात असे. आता त्या बाजूला दुधी आणि कारल्याचा रस वाटीवाटीने विकला जातो. तो रस पिऊन साखर आटोक्यात राहील आणि औषध सोडता येईल, असे मानणारेही भेटतात. रस पिण्यात वावगे काही नाही. औषध सोडण्यात आहे.

खरे कौशल्य मात्र उतरण्यात असते, आणि तेच नवख्याला ठाऊक नसते. चढताना दम लागतो म्हणून सारे लक्ष तिकडे जाते. उतरताना हलके वाटते म्हणून माणूस धावतो. प्रत्यक्षात उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो आणि मांडीचे स्नायू ताणले जात असताना तो पेलत असतात. सावकाश उतरले तर तेच स्नायू मजबूत होतात. धावत उतरले तर सांधा मार खातो. शेठचा गुडघा पहिल्या खेपेस चढताना नव्हे, उतरताना गेला होता. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे साधारण तीन ते आठ टक्के वस्तुमान घटत जाते. ही घट आरशात दिसत नाही. जमिनीवरून उठताना हात टेकवावा लागला, की ती कळते. पूर्वी स्थानकात सामायिकाला सारे जमिनीवर बसत. अठ्ठेचाळीस मिनिटांची बैठक, खमासमणाची ऊठबस, आणि हात न टेकता उभे राहणे. आता भिंतीलगत खुर्च्यांची रांग दरवर्षी लांबत चालली आहे. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना खुर्ची हवीच. पण पंचेचाळिशीतला माणूस सोय म्हणून तिच्यावर बसू लागला, तर पुढे खालची बैठक त्याला कायमची पारखी होते.

शेठच्या घरातले बाकीचे बदल असेच बेताचे आहेत. पूर्वी घरात पत्नीचा चौविहार असे आणि शेठ रात्री दहाला जेवून साडेदहाला झोपत. छातीत जळजळ ही नित्याचीच. आता सायंकाळी सहाला पेढीवर डबा येतो. पहिला महिना गिऱ्हाइकांना चमत्कारिक वाटले, नंतर तीच मंडळी सहाची वेळ टाळून येऊ लागली. जेवण झाले की शेठ गाळ्यांच्या रांगेतून दहा मिनिटे फेरी मारतात; त्याने जेवणानंतरची साखर कमी चढते. ताटातले पापड आणि लोणचे रोजचे राहिले नाही. दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, असे प्रमाण सांगितले जाते, आणि फरसाणाच्या पुडीसमोर ते टिकत नाही. डाळ, मूग, दही यांचा वाटा वाढला. पायांना मुंग्या येत होत्या, त्या वयाच्या म्हणून सोडून दिल्या होत्या. तपासणीत बी १२ फार कमी निघाले. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळपास नसते, दूध-दह्यात असते, आणि शाकाहारी घरांत त्याची उणीव वारंवार आढळते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती भरून काढता येते. पुष्कळ वर्षे दुर्लक्ष झाले तर नसांची हानी मात्र पुरती भरून येईलच असे नाही.

सर्वांत अवघड बदल स्वयंपाकघरातला होता. शेठ पर्वतीला जात तेव्हा त्यांच्या पत्नी पाणी उकळणे, दूध, न्याहारी, डबे यांत असत. त्यांचे वय पन्नास. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होत जातात, म्हणजे टेकडीची निकड खरे तर त्यांना अधिक होती. घरकामात चालणे होतेच की, असे घरातले सगळे म्हणत, त्याही म्हणत. शेवटी सून बोलली, “मम्मी, डबे आम्ही दोघे भरतो, तुम्ही पप्पांबरोबर जा.” आम्ही दोघे म्हणजे ती आणि तिचा नवरा. मुलगा पहिल्या दिवशी पोळी लाटायला उभा राहिला, तेव्हा घरात जरा हसू झाले. पोळ्या कशाही झाल्या तरी डबे वेळेवर गेले. आता त्या शेठच्या चार पायऱ्या पुढे असतात, आणि बाजारभावाच्या गप्पांना कंटाळून वरच्या कट्ट्यावर आधी जाऊन बसतात.

रविवारी भुसार बाजार बंद असतो. त्या दिवशी धाकटे भाऊ गाडीतून थोरल्यांना पायथ्यापर्यंत आणतात. डाव्या पायात अजून जोर नाही, शब्द सावकाश येतात, पण हिशेब अजून पक्के आहेत. ते कठड्याला धरून पहिल्या पायरीवर चढतात, मग दुसऱ्या. धाकटे एक पायरी खाली, हात पुढे धरून, मात्र स्पर्श न करता उभे. गेल्या चातुर्मासात थोरले सहा पायऱ्या चढले होते. मध्ये ताप आला आणि पुन्हा तिनावर आले. परवाच्या रविवारी पाचव्या पायरीवर ते टेकले, वरून उतरणाऱ्या गुरुजींना उजवा हात उचलून त्यांनी जय जिनेंद्र केला, आणि तूरडाळ काय भाव सुटली, ते धाकट्याला विचारले.