उलटा ग

आमच्या गावच्या लोहाराचा नातू आता जळगावला असतो. त्याच्या दुकानात लेसरचे यंत्र आहे. पेन, डबे, चाकू, सांगाल त्यावर तो नाव घालून देतो. शाळेत तो माझाच विद्यार्थी. परवा एक जुना विळा घेऊन त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो काळ्या लेपाच्या चाकूवर नाव घालीत होता.

असे नाव घालण्याचे दोन मार्ग, असे त्याने मला समजावले. लेप देण्याआधी पोलादात छाप मारला, तर लेप त्या खाचेतही बसतो. नाव बोटाला लागते, पण काळ्यावर काळे, डोळ्याला चटकन दिसत नाही. लेपानंतर किरणाने तेवढीच रेघ जाळली, तर खालचे पोलाद उजळते आणि रुपेरी अक्षर उठून दिसते. मात्र ते उथळ असते. वापराने भोवतालचा लेप झिजला, की अक्षरही त्यात हरवते.

त्याच्या आजोबांपाशी असा लेप नव्हता. विळ्यावर भट्टीचीच काळी खपली असे. धार तेवढी घासून पांढरी करीत. मग विळा केळीच्या बागेत गेला, की चिकातील तुरटपणा लोखंडाशी मिळून त्याला आणखी काळा करी. हिरडा आणि हिराकस यांची शाई होते, तीच ही किमया. छाप मारायचा तो लोखंड लाल असताना, पाणी पाजण्यापूर्वी. एकदा कडक झालेले पोलाद छाप घेत नाही. जोर केला तर तडकते.

लोहारबाबांचा छाप म्हणजे तीन टिंबे. त्यांना लिहिता येत नव्हते. पुढे दुसरेही कोणी तीन टिंबे मारू लागले, तेव्हा बाबा मला म्हणाले, "भो, माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढून दे." मी पाचवीत होतो, शहाणपणाची हौस दांडगी. कोळशाने ऐरणीशेजारच्या फरशीवर झोकदार 'ग' काढून दिला. बाबांनी तो पाहून पाहून पोलादी सळईच्या टोकावर कानशीने कोरला. आठ दिवस लागले. पहिला छाप मारला, तो उलटा उमटला: दांडी डावीकडे, आकडा उजवीकडे. ठशावरचे अक्षर उलटे असावे लागते, हे टिंबे मारणाऱ्या बाबांना कधी कळायची गरज पडली नव्हती. आणि मला, पुस्तक वाचणाऱ्याला, सुचले नव्हते.

मी रडवेला झालो. बाबांनी छाप निरखला आणि म्हणाले, "राहू दे रे. आता कोणी चोरणार नाही."

पुढे जन्मभर त्यांनी तोच ठसा वापरला. इंग्लंडात शेफील्डच्या चाकू करणाऱ्यांचा संघ १६२४ साली कायद्याने स्थापन झाला आणि कारागिरांच्या चिन्हांची नोंद ठेवू लागला. आमच्या जळगावच्या केळीलाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती केळी कापणाऱ्या विळ्याच्या छापाची नोंद मात्र कुठेच नाही. शेतकऱ्यांच्या ध्यानात होती तेवढीच.

तो विळा मी नातवापुढे ठेवला आणि म्हटले, "हा छाप एका चाकूवर घालून दे." चूक आता तरी सरळ करून घ्यावी, असे मनात होते. त्याने छापाचा फोटो काढला, पडद्यावर मोठा केला आणि सहज म्हणाला, "गुरुजी, आजोबांनी विळ्याचं चित्र किती छान काढलं होतं ना!"

घरात कोणालाच ते अक्षर वाटले नव्हते. मी त्याला खरे काय ते सांगितले. तो क्षणभर पडद्याकडे पाहत राहिला, मग हसला. "सरळ करू का?" त्याने विचारले. एका खुणेसरशी होणारे ते काम! मला उत्तर देता येईना. शेवटी त्यानेच, काही न बोलता, होता तसा उलटाच छाप घातला.

पहिलीतली मुले कधी कधी अक्षर उलटे काढतात. पूर्वी मी त्याभोवती लाल गोल करीत असे. आता आधी विचारतो, "बाळ, तुला हे कोणी दाखवलं?"