गुडघा

गतवर्षी उपवासकाळातील एका रविवारी पवित्र भाकर उंचावून झाल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे उजवा गुडघा टेकला, आणि उठता येईना! वेदीची कड दोन्ही हातांनी धरून कसेबसे उभे राहिलो. मिस्सेत धर्मगुरूला तीनदा गुडघा टेकावा लागतो. म्हणजे ही फजिती त्या दिवशी तीनदा झाली. भाविकांनी ती बहुधा भक्ती समजली असावी.

आमच्या देहाचा इतिहास तसा हास्यास्पदच. सेमिनरीत आम्ही इतके किडकिडीत होतो की सोबती आम्हांस 'सुका बोंबील' म्हणत. चाळिशीनंतर चित्र पालटले. सोलापूरच्या आग्रहापुढे कोणाचे चालते? कडक भाकरी आणि शेंगांची चटणी यांवर कोणी थांबत नाही. मागून मटण येते, वाढदिवसाचा केक येतो. शिंप्याने आमच्या झग्याच्या शिवणी तीनदा उसवून सैल केल्या. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "फादर, आता आत कापड उरलं नाही." सणाच्या छायाचित्रांत आम्ही मागल्या रांगेत उभे राहू लागलो.

येथे एक कबुली देणे भाग आहे. कित्येक वर्षे आमचा उपवास निम्मा ख्रिस्तासाठी आणि निम्मा आरशासाठी होता. उतरलेले पाच किलो ईस्टरनंतर व्याजासह परत येत.

त्या रविवारनंतर धर्मग्रामातील एका डॉक्टर भगिनीकडे गेलो. त्यांनी वजनापेक्षा कंबर मोजली. भारतीय पुरुषाला मर्यादा 90 सेंटिमीटरची. आमची 104 भरली. मग हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला सांगितले. आम्ही दोनदा उठलो. तेव्हा त्यांनी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची हकीकत सांगितली. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2! आपल्याकडच्या सडपातळ अंगातही चरबी दडलेली असते, स्नायू तोकडे असतात, आणि मधुमेहाला तेवढी वाट पुरते. तो सुका बोंबीलही फारसा निरोगी नसावा, हे कळून आम्हांस विचित्र समाधान वाटले.

"वजन राहू द्या, आधी पाय कमवा," त्या म्हणाल्या.

ही विद्या आम्हांस जवळच्या तालमीतील वस्तादांनी शिकवली. ते जुने गिरणी कामगार, सत्तरी ओलांडलेले. झगा काढून आलेल्या पाद्रीला बैठका शिकवताना त्यांनी हसू दाबले, हे त्यांचे उपकार. आरंभी खिडकीचे गज धरून पाच बैठका, महिन्याने दहा, मग हात मोकळे. मांड्या अशा ठणकत की एक प्रवचन आम्ही बसूनच दिले. भाकरी सुटली नाही. तिच्याबरोबर मटकीची उसळ आणि अंडी वाढली, केक मागे पडला.

असिसीच्या संत फ्रान्सिसने देहाला 'गाढवभाऊ' म्हटले आणि अखेरीस त्याची क्षमा मागितली, असे आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. त्यातील पूर्वार्धच तेवढा आमच्या ध्यानात राहिला होता.

वर्षभरात वजन अवघे तीन किलोंनी उतरले. झगा अजून तोच आहे. यंदा पवित्र गुरुवारी बारा जणांचे पाय धुताना आम्ही बारा वेळा गुडघ्यांवर बसलो आणि बारा वेळा कशाचाही आधार न घेता उठलो. आमच्या आमंत्रणावरून वस्ताद शेवटच्या बाकावर बसले होते. विधी संपल्यावर दाराशी भेटले.

"डावा गुडघा अजून आत पडतोय, फादर. उद्या सकाळी या."

"उद्या गुड फ्रायडे, वस्ताद."

"मग परवा."