साया नव्हे, सूज

तापात मूल बरळायला लागलं, हातपाय वाकडे झाले, की आमच्या मोहल्ल्यात अजूनही कुणीतरी म्हणतं, ‘साया आहे, आमिलला दाखवा.’ मला अशा वेळी एमआरआयचं चित्र आठवतं. जपानी मेंदूज्वरात मेंदूच्या मधोमध असलेले दोन्ही थॅलॅमस बहुधा पांढुरके, चमकदार दिसतात. कधी बेसल गँग्लियाही. हालचालींवर ताबा ठेवणारे हेच भाग. म्हणून हात थरथरतात, चेहरा निर्विकार होतो. हे सायाचं काम नव्हे, विषाणूचं.

तो पसरवणारा क्युलेक्स डास भातशेतीच्या पाण्यात वाढतो. ‘आपल्याकडे डुकरं नाहीत, आपल्याला कसा होईल?’ असंही ऐकलंय. पण हा विषाणू बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांतही वाढतो, आणि डास वस्ती विचारून चावत नाही.

चित्रालाही मर्यादा आहेत. डेंग्यू मेंदूपर्यंत गेला तर त्यातही थॅलॅमस असाच दिसू शकतो; सुरुवातीचा सीटी स्कॅन साफही येतो. म्हणून पाठीतलं पाणी काढून आयजीएम तपासावं लागतं. या विषाणूवर खास औषध नाही. मेंदूज्वर झालेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावतात, वाचलेल्यांपैकी ३० ते ५० टक्क्यांना कायमचा त्रास उरतो. झटके आणि सूज वेळेत सांभाळणं, एवढंच हाती असतं.

दुआ जरूर करा. ती रुग्णवाहिकेतही करता येते. आणि जिथे सरकारी लसीकरणात ही लस आहे, तिथे मुलांचा डोस चुकवू नका.