आलेखावरचे ठिपके

फार्मसीच्या मुलांना जैवसमतुल्यता शिकवताना मी फळ्यावर दोन वक्ररेषा काढते. एक मूळ कंपनीच्या गोळीची, दुसरी जेनेरिकची. गोळी पोटात गेल्यावर रक्तातलं औषध किती भरभर चढतं, कुठवर पोचतं आणि कसं उतरतं, ते या रेषांवरून कळतं. दोन्हींचं गुणोत्तर, अंदाजातली अनिश्चितता धरूनही, ८० ते १२५ टक्क्यांच्या चौकटीत बसलं, की जेनेरिकला परवानगीची वाट मोकळी होते. रक्तदाबाची स्वस्त गोळी तालुक्याच्या दुकानात मिळते ती याच रेषांच्या भरवशावर. रेषेवरचा प्रत्येक ठिपका कुणाच्या तरी हातातून काढलेल्या रक्ताचा असतो. पुस्तकात ते एका ओळीत उरकलंय. मला ते नीट कळलं माझ्याच वर्गातल्या एका मुलाकडून.

मुलगा परभणीकडचा. सोयाबीन पावसात गेलेलं, शिष्यवृत्ती अडकलेली आणि परीक्षेची फी तोंडावर. हॉस्टेलवरच्या एका सीनियरच्या ओळखीने तो ‘स्टडी’ला, म्हणजे पैसे देणाऱ्या अशाच एका चाचणीला, गेला. आदल्या संध्याकाळी चेक-इन, सामानाची झडती, लघवीची तपासणी. मग दहा तास उपास. पहाटे हातात कॅन्युला. खाटांच्या क्रमाने, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने प्रत्येकाला गोळी आणि मोजून २४० मिलिलिटर पाणी. लगेच तोंडावर बॅटरीचा झोत: “तोंड उघडा, जीभ वर करा.” गोळी गालात दडवून ठेवली नाही ना, ते बघायला. मग पहिले काही तास दर अर्ध्या तासाला रक्त. जेवण सगळ्यांना सारखं, आणि ताटात काही टाकायचं नाही. “मॅडम, सुईचं काही वाटत नाही,” तो म्हणाला, “पण दिवसभर आपण खाटेचा नंबर असतो.” काही दिवसांनी दुसरी फेरी, तेव्हा दुसरी गोळी. पैशांचा मोठा भाग ही दुसरी फेरी पुरी केल्यावर मिळणार होता.

इथे मी अडते. संमतीपत्रात लिहिलेलं असतं की कारण न सांगता केव्हाही बाहेर पडता येईल. पण ज्याची फी सोमवारी भरायची आहे आणि रक्कम दुसऱ्या फेरीनंतर मिळणार आहे, त्याने पोटात ढवळलं म्हणून उठून जायचं कसं? माझा हा मुलगा उठला नाही. मळमळत होतं, तेही त्याने सांगितलं नाही, कारण सांगितलं तर वगळतील अशी भीती. म्हणजे ज्या त्रासाची नोंद व्हावी म्हणून एवढा खटाटोप, नेमकी तीच नोंद गरजेपोटी गळाली.

अशा अभ्यासातली औषधं बहुतेक वेळा वर्षानुवर्षं वापरातली असतात, धोका थोडा असतो, हे मी मुलांना प्रामाणिकपणे सांगते. माणसाला पहिल्यांदाच दिलं जाणारं औषध वेगळं. मार्च २००६मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात टीजीएन १४१२ हे औषध सहा निरोगी तरुणांना दिलं गेलं. मोबदला सुमारे २,००० पौंड. प्राण्यांमध्ये सुरक्षित ठरलेल्या मात्रेचा पाचशेवा हिस्सा, म्हणून सगळे निश्चिंत. एकाला दिल्यावर काही मिनिटांतच पुढच्याला, असं करत सहाही जणांना देऊन झालं. थोड्याच वेळात सहाही जण कोसळले, अवयव निकामी होऊ लागले. सगळे वाचले, पण एकाच्या पायाची बोटं आणि हाताच्या बोटांची टोकं गेली. आधी एकालाच द्यावं, थांबावं, मग पुढच्याला, ही शिस्त त्यानंतर पक्की झाली. थांबण्याला खर्च कितीसा आला असता, हा प्रश्न आजही मला चीड आणतो.

मोबदला जास्त ठेवला तर गरीब माणूस भुलेल, म्हणून तो बेताचा असावा, असं नीतिसमित्या म्हणतात. हेतू चांगला आहे, पण उपाय मला पटत नाही. बेताच्या पैशात ज्याचं भागत नाही, तो ठरलेलं महिन्यांचं अंतर न पाळता, आधीचं लपवून दुसऱ्या केंद्रावर जातो. त्यात त्याच्या शरीराचं नुकसान होतं आणि दोन औषधं एकाच रक्तात मिसळल्याने रेषाही खोटी पडते. फ्रान्समध्ये अशा निरोगी स्वयंसेवकांची राष्ट्रीय नोंद ठेवतात आणि वर्षभरात किती मोबदला घेता येईल, त्यालाही मर्यादा आहे. आपल्याकडच्या औषध-चाचण्यांच्या २०१९च्या नियमांत इजा झाल्यास उपचार आणि भरपाई आहे, ते मोलाचं आहे. पण मला त्याहून साधी गोष्ट हवी आहे. रात्रीचे तास धरून कामगारासारखी मजुरी द्या, आणि मधेच निघालेल्याला झालेल्या दिवसांचे पूर्ण पैसे त्याच दिवशी द्या.

दिवाळीच्या सुट्टीत माझा तो विद्यार्थी पुन्हा जाणार आहे. जाऊ नकोस म्हणायला त्याची फी मी भरत नाही. सही करण्याआधी संमतीपत्राची मराठी प्रत मागून घे आणि माझ्याकडे आण, एवढं त्याला सांगितलंय. विम्याचं कलम कुठल्या पानावर आहे आणि मधेच सोडलं तर हातात किती पडतात, ते आम्ही दोघं बसून वाचणार आहोत.