आइन्स्टाइन, औंढा आणि आम्ही

आम्ही हिंगोलीचे म्हटलं की बाहेरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे परभणीजवळ का?" १ मे १९९९ ला जिल्हा परभणीतून वेगळा निघाला, पण पत्ता सांगताना अजून थोरल्या भावाचं नाव घ्यावं लागतं. पुढचं वाक्यही ठरलेलं. "तिकडे काही घडत नाही हो!"

हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षं मान खाली घालून ऐकलं. आणि शेवटी तीच आमची लायकी ठरली. जगातल्या सर्वांत हळव्या यंत्रांपैकी एक बसवायला शास्त्रज्ञ जागा हुडकत होते. त्यांना कारखाने नकोत, रेल्वेची धडधड नको, गर्दी नको. थोडक्यात, काही घडत नसलेली जागा हवी. औंढा नागनाथ तालुक्यातलं दुधाळा त्यांना पसंत पडलं.

यंत्राचं नाव लायगो. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, एकमेकींशी काटकोनात. आत हवासुद्धा नाही. लेसरचा एकच किरण दुभागून दोन्ही नळ्यांत सोडायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा आणि दोघं बरोबरीनं परतले का ते पाहायचं. अवकाश ताणलं गेलं तर एक नळी किंचित लांबते, दुसरी किंचित आखडते. किंचित म्हणजे? प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. आमच्याकडे एस.टी.च्या वेळेत दोन तासांचा फरक कोणी मोजत नाही!

या लाटा आइन्स्टाइनच्या. १९१५ साली त्यानं व्यापक सापेक्षता मांडली. वस्तुमानामुळं अवकाश आणि काळ दोन्ही वाकतात, त्या वाकण्यालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो. १९१६ साली त्यानं त्यातून लाटा काढल्या. आणि १९३६ साली रोझेन या सहकाऱ्याबरोबर निबंध लिहून कळवलं की लाटा नसतातच. स्वतःच टाकलेली एन्ट्री वीस वर्षांनी स्वतःच उलटी फिरवायची! नियतकालिकानं तो निबंध तपासायला दिला, तपासनिसानं चूक दाखवली, तेव्हा साहेब रागावले आणि निबंध परत घेऊन दुसरीकडे गेले. चूक पुढं दुरुस्त झाली, लाटा राहिल्या. ऑडिटरवर रागावणं हे थोरांनाही चुकलं नाही, हे वाचून बँकेतल्या माणसाला किती धीर येतो म्हणून सांगू!

लाट सापडली १४ सप्टेंबर २०१५ ला, अमेरिकेतल्या दोन लायगोंमध्ये. सुमारे ३६ आणि २९ सूर्यांच्या वजनाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली. बेरीज ६५ यायला हवी. शिल्लक निघाली ६२! आमच्या आधीच्या पिढीतले कारकून दहा पैशांचा फरक निघाला तर रात्रीचे नऊ वाजेपर्यंत लेजरं उपसत. इथं तीन सूर्य गहाळ. पण टॅली लागली. तीन सूर्यांची ऊर्जा लाटा होऊन निघून गेली होती, आणि १३० कोटी वर्षं प्रवास करून इथं पोचली होती. गोंगाटातून अशी बारीक चाहूल कशी निवडायची, याचं गणित बसवणाऱ्यांत पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर होते, हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं.

आता कोणी म्हणेल, शेवटी थेअरीच ना! आपल्याकडे थेअरी म्हणजे प्रॅक्टिकलला न येणारी गोष्ट. पण जीपीएसच्या उपग्रहातली घड्याळं सापेक्षतेमुळं रोज ३८ मायक्रोसेकंद पुढं जातात. ती दुरुस्ती केली नाही तर नकाशा दिवसाला दहाएक किलोमीटर चुकेल, आणि औंढ्याला निघालेला भाविक भलत्याच गावी नारळ फोडेल. दुखणं एकच आहे. अणूच्या आतलं जग सांभाळणारी पुंजभौतिकी आणि ही सापेक्षता, एका घरातल्या दोन जावा. दोघी आपापल्या चुलीवर सुगरण, पण कृष्णविवराच्या पोटात दोघींना एकाच चुलीवर बसवायची वेळ आली की स्वयंपाक होत नाही.

औंढ्याला सापेक्षता नवी नाही म्हणा. नामदेवांना कीर्तनासाठी मागं पाठवलं आणि देऊळच त्यांच्याकडे वळलं, अशी कथा आहे. फिरलं कोण? पुजारी म्हणणार देऊळ, नामदेव म्हणणार मी तर आहे तिथंच आहे. फिरणाऱ्याला आपण फिरतोय हे कळतं, असं शास्त्रज्ञ सांगतात. तेव्हा देवळालाच विचारायला हवं.

केंद्रानं २०२३ च्या एप्रिलमध्ये २६०० कोटी मंजूर केले. आमच्या एका खातेदारानं पासबुक भरता भरता चौकशी केली.

"साहेब, त्याच्यातून पाऊस कळंल का?"

"नाही."

"हळदीचा भाव?"

"नाही हो. दोन कृष्णविवरं आदळली की कळेल."

"कवा आदळली?"

"१३० कोटी वर्षांपूर्वी."

"मग तं लई उशीर झाला की!"

काम २०३० पर्यंत व्हायचं आहे. गावाला वाटतं, यंत्र येतंय तर चांगला रस्ता येईल, दुकानं येतील, वर्दळ वाढेल. यंत्राला वर्दळ सोसत नाही. त्यात २०२४ साली मार्च आणि जुलैमध्ये ४.५ तीव्रतेच्या भूकंपांनी जिल्हा हलवला, म्हणजे 'काही घडत नाही' या आमच्या एकमेव भांडवलालाही चिरा पडल्या.

परवा औंढ्याकडची एक मुलगी शैक्षणिक कर्जाला आली. एम. एस्सी. फिजिक्स. वडील शेतकरी, धोतराच्या सोग्यानं घाम पुसत उभे. मॅनेजरांनी नेहमीचं विचारलं, "शिकून नोकरी कुठं करणार? पुणे? बेंगळुरू?"

"दुधाळ्याला," ती म्हणाली.

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्पेलिंग सांगितलं.